जुन्या लेथची नवी पकड : कॉलेटची कहाणी

१/ परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड येथील दुरुस्तीच्या दुकानांत नेहमी येणारे एक काम म्हणजे पंपाचा शाफ्ट. बेअरिंगची बैठक झिजलेली असते. ती वेल्डिंगने भरून लेथवर पुन्हा कातायची असते. शाफ्ट केसभर जरी ‘आउट’ फिरला, तरी नवे बेअरिंग तापते, गळती सुरू होते आणि ऐन पाणीपाळीत पंप बंद पडतो.

२/ दोन सेंटरांमध्ये शाफ्ट धरून कातणे ही जुनी आणि अचूक रीत होय. परंतु वापरलेल्या शाफ्टच्या टोकांवरील सेंटरची छिद्रे पुष्कळदा बिघडलेली असतात. मग तो थ्री-जॉ चकमध्ये बाहेरून पकडावा लागतो. चकच्या आतील सर्पिल चकती वर्षानुवर्षांच्या वापराने झिजते; जॉब मध्यबिंदूपासून सरकतो आणि तयार पृष्ठभागावर जबड्यांचे व्रण उमटतात.

३/ या अडचणीवरचे उत्तर म्हणजे कॉलेट. चिरा दिलेली, बाहेरून निमुळती, स्प्रिंग पोलादाची ही नळी तशाच निमुळत्या खोबणीत दाबली की चोहोबाजूंनी सारखी मिटते. तीन ठिकाणी चावण्याऐवजी ती जॉबला संपूर्ण वेढते.

४/ तिचा विकास घडला तो घड्याळाच्या नाजूक कामात. हेन्री मॉड्स्ले याने १८०० च्या सुमारास लंडनमध्ये आटे पाडणारा लेथ घडवला, तो जड कामासाठी. घड्याळाचा सुईएवढा आस जबड्यांत धरणे अशक्यच. अमेरिकेतील वॉल्थमसारख्या घड्याळांच्या गावांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोकळ स्पिंडल आणि चिरलेला चक ही जोडी रुळली.

५/ त्याच सुमारास स्टीफन मोर्स याने १८६३ मध्ये ट्विस्ट ड्रिलचे पेटंट घेतले. त्याच्या नावाचा निमुळता उतार, म्हणजे मोर्स टेपर, जगभरच्या लेथांमध्ये शिरला. पुढे हार्डिंज कंपनीच्या ‘फाइव्ह-सी’ कॉलेटने मोठ्या कारखान्यांत जम बसवला. मात्र तिला रुंद पोकळीचा स्पिंडल लागतो. लहान, जुन्या लेथमध्ये ती सहसा मावत नाही.

६/ महाराष्ट्रापुरते पाहिले तर यंत्रनिर्मितीचा धागा लक्ष्मणराव किर्लोस्करांपाशी पोचतो. १९०३ चा लोखंडी नांगर, १९१० ची किर्लोस्करवाडी, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ मध्ये, हरिहर येथे उभी राहिलेली म्हैसूर किर्लोस्कर. या कारखान्याचे लेथ देशभरच्या कार्यशाळांत पोचले. पुढे कारखाना बंद पडला. यंत्रे मात्र आजही चालतात.

७/ १९७२ हे साल मराठवाड्याला दुष्काळामुळे आठवते. त्याच वर्षी परभणीत कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आणि त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील रेगो-फिक्स कंपनीने ‘ईआर’ कॉलेट आणली. दोन्ही टोकांकडून आलटून-पालटून दिलेल्या चिरांमुळे एकच ईआर कॉलेट साधारण १ मिमीपर्यंत आवळते. १९९३ मध्ये ती जर्मन मानकात समाविष्ट झाली आणि अनेक उत्पादकांकडून सर्वत्र मिळू लागली.

८/ जुन्या लेथला ती जोडण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, मोर्स टेपरचा होल्डर स्पिंडलमध्ये बसवून मागून सळईने ताणणे. हा सोपा असला तरी स्पिंडलची पोकळी बंद होते आणि लांब शाफ्ट आरपार जाऊ शकत नाही. दुसरा, स्पिंडलच्या तोंडावरील आट्यांवर बिडाची बॅकप्लेट चढवून तिच्यावर कॉलेट चक बसवणे. यात पोकळी मोकळी राहते. ईआर-४० मध्ये साधारण २६ मिमीपर्यंतचा शाफ्ट धरता येतो.

९/ दुसऱ्या मार्गातील मर्म असे, की बॅकप्लेटचा चेहरा आणि चक बसवायची पायरी त्याच लेथवर, तिच्या कायमच्या जागी कातली जाते. त्यामुळे ती त्या स्पिंडलच्या आसाशी आपोआप जुळते. पायरी किंचित सैल ठेवून, डायल गेज लावून, हलक्या ठोक्यांनी चक मध्यावर आणायचा आणि मगच बोल्ट आवळायचे.

१०/ मर्यादाही ध्यानात हव्यात. स्पिंडलचेच बेअरिंग ढिले असेल, तर कोणतीही कॉलेट ते झाकू शकत नाही. म्हणून डायल प्रथम स्पिंडलला लावावा. कॉलेट आधी नटमध्ये ‘टक्’ आवाज होईपर्यंत बसवावी, मग चकमध्ये घालावी. लहान मापाच्या कॉलेटमध्ये जाड जॉब कोंबू नये. ओबडधोबड सळईसाठी जुना चकच बरा.

११/ मोर्सचा उतार, हरिहरचे बीड आणि स्वित्झर्लंडची कॉलेट यांचे एकमेकांशी जमते, कारण प्रत्येक पिढीने आपली मापे पुढच्या पिढीसाठी ठरवून ठेवली. म्हणूनच मराठवाड्यातला जुना लेथ भंगारात न जाता पुढच्या हंगामाचा पंप चालू ठेवू शकतो.