महर्षी कर्वे आणि देणगीदारांशी संवाद : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

दात्यांसाठी माहितीपुस्तिका काढणे ही आधुनिक व्यवस्थापनशास्त्राची देन मानली जाते. महाराष्ट्राचा इतिहास वेगळे सांगतो. १९१५ मध्ये धोंडो केशव कर्वे यांना जपानमधील महिला विद्यापीठाची पुस्तिका बनारसहून आली. आरंभी ती बाजूला पडली. मात्र त्याच वर्षी मुंबईच्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद लाभल्यावर त्यांनी ती पुन्हा वाचली आणि १९१६ मध्ये पुण्यात महिला विद्यापीठ स्थापन केले. एका संस्थेच्या प्रसिद्धिपत्रकातून दुसरी संस्था उभी राहावी, हे नोंदण्याजोगे आहे.

मातृभाषेतून उच्च शिक्षण देणाऱ्या या विद्यापीठास १९५१ पर्यंत वैधानिक दर्जा नव्हता. साहजिकच ते देणग्यांवर अवलंबून राहिले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लक्ष रुपये देऊ केले. विद्यापीठास त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचे नाव मिळाले आणि १९३६ मध्ये मुख्यालयही मुंबईस गेले. मोठ्या देणगीने स्थैर्य आले खरे, पण संस्थेची ओळखही तिने बदलली, हे मान्य करावे लागते. एवढ्या रकमेनंतरही कर्व्यांची भ्रमंती थांबली नाही. सत्तरी गाठलेले कर्वे १९२९ पासून युरोप, अमेरिका, जपान येथे विद्यापीठाची माहिती सांगत फिरले. पुढे आफ्रिकेत जाऊन तेथे स्थायिक झालेल्या भारतीयांकडून त्यांनी निधी गोळा केला.