पेटीबाहेरच्या माश्या

नाशिकचा कांदा घेऊन मुंबईकडे निघालेले ट्रक भिवंडीजवळचे वडपे ओलांडतात, तेव्हा त्या कांद्यामागची मधमाशी कुणाच्या मनात येत नाही. कांद्याच्या गोंड्यातल्या फुलात पराग आधी पिकतो, स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. त्यामुळे बी धरायचे तर माशीने या फुलावरून त्या फुलावर जायलाच हवे. तरी आपण मधमाशीचा हिशेब मांडला तो मधाच्या बाटलीत. असे का झाले, ते मधपेटीच्या वाटचालीत दिसते.

पेटीच्या आधी मध म्हणजे मोहोळ झाडणे. भीमबेटकाच्या शैलचित्रांतही मध काढणारी माणसे आहेत. धूर करायचा, पोळे कापायचे, पिळायचे. अळ्या चिरडायच्या आणि वसाहत उठून जायची. लँगस्ट्रॉथ या अमेरिकी पाद्र्याने 1851 मध्ये हेरले, की सहा ते नऊ मिलिमीटरची फट माश्या बुजवत नाहीत. त्या फटीच्या आधाराने त्याने उचलता येणाऱ्या चौकटींची पेटी बनवली. पोळे न मोडता मध मिळू लागला. पण ही पेटी युरोपीय माशीच्या मापाची. आपली सातेरी चणीने लहान, तिची वसाहतही लहान. 1910 नंतर दक्षिण भारतात फादर न्यूटन यांनी तिच्यासाठी छोटी पेटी तयार केली. या साऱ्या वाटचालीत मला हाच टप्पा सर्वांत मोलाचा वाटतो, कारण इथे पेटी माशीच्या मापाने घडली.

महाराष्ट्रात 1946 पासून महाबळेश्वरला मधमाशापालनाचे काम उभे राहिले. 1962 मध्ये पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था आली. 2022 मध्ये महाबळेश्वरजवळचे मांघर ‘मधाचे गाव’ झाले. नाव पुन्हा मधाचेच! फुले कीटकांना बोलावण्यासाठी मकरंद तयार करतात, हे स्प्रेंगेल या जर्मन शिक्षकाने 1793 मध्येच लिहून ठेवले होते. म्हणजे परागीभवनाचे ज्ञान या पेटीहून जुने. पेटीबरोबर गावोगाव पोचला तो मात्र मधाचा धंदा.

भिवंडीच्या या पट्ट्यात माशीला फक्त मधात मोजण्याची ही चूक महाग पडते. भाताला माशी लागत नाही, म्हणून माश्यांची उणीव खाचरात कळत नाही. ती कळते वेलावर. काकडीची नर आणि मादी फुले वेगळी, आणि उमललेले फूल एकाच दिवसाचे. त्या दिवशी माशी फिरकली नाही तर काकडी वाकडी धरते किंवा गळते. दुधीचे फूल संध्याकाळी उमलते, त्याला पतंग लागतात. मोहावर रात्री वटवाघळे येतात. वांग्याचा पराग परागकोशात बंद असतो. भुंगा फूल धरून अंग थरथरवतो तेव्हा पराग टोकाच्या छिद्रातून झडतो. सातेरीला हे जमत नाही. आणि हा भुंगा राहतो सुक्या लाकडात, कुठल्याही सरकारी पेटीत नाही.

वडप्याभोवती शेतांच्या जागी गोदामे उभी राहत आहेत. सपाटीकरणात पहिला जातो तो बांध आणि त्यावरचे वाळके खोड. जमीनमालकांना, गोदामवाल्यांना विनंती आहे: कुंपणालगत बांधाची एक पट्टी झाडाझुडपांसकट राहू द्या, मोह तोडू नका, वाळके खोड जाळू नका. आणि भाजीवाल्या शेतकऱ्यांनो, फुलोऱ्यात फवारणी टाळा. करावीच लागली तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी करा.