अंगठीतील अकीकाची गोलाई



आपल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या बोटात चांदीची अंगठी आणि तीत बसविलेला तांबूस अकीक आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. त्या खड्यावरून एकदा बोट फिरवून पाहा. त्याला हिऱ्यासारखे पैलू नसतात. वर घुमटासारखी गोलाई आणि खाली सपाट बूड असते. असे का?

हिरा पारदर्शक असतो. पैलूंमुळे आत शिरलेला प्रकाश परत उसळतो आणि हिरा चमकतो. अकीकाचे सौंदर्य त्याच्या रंगात आणि रेषांत असते. ते गोलाईवरच खुलते. शिवाय गोल खड्याला झिजणाऱ्या धारा नसतात आणि घडविताना दगड कमी वाया जातो. मोगल बादशहांनीही ही रीत जपली. 'तैमूर माणिक' म्हणून प्रसिद्ध असलेला, पण वास्तविक स्पिनेल जातीचा, सुमारे ३५२ कॅरटचा खडा पैलू न पाडता ठेवलेला आहे. त्यावर जहांगीर व शाहजहान यांची नावे कोरलेली आहेत.

ही कला आपल्याला परकी नाही. भंडाऱ्याहून नागपूर ओलांडून थोडे पुढे गेले की माहुरझरी लागते. प्राचीन काळी तेथे अकीकासारख्या दगडांचे मणी घडत. पुढे या व्यवसायात गुजरातेतील खंबायतचे नाव झाले. रतनपूरच्या खाणींतील दगड तेथे येई. तो उन्हात वाळवून मडक्यात मंद आचेवर भाजला की लाल होई. मग शिंगाच्या हातोडीने टवके काढून कुरुंदाच्या चाकावर घासत. शेवटी मणी पाणी व अकीकाच्या भुकटीसह कातडी पिशवीत घालून कित्येक दिवस घोळवत. तेव्हा कोठे झिलई येई.

मात्र या झिलईची किंमत कारागीर मोजतो. कोरडा दगड घासताना उडणारी धूळ फुफ्फुसात साठून सिलिकोसिस हा रोग होतो. तो पुरता बरा होत नाही. खंबायतच्या कारागिरांत तो आढळला आहे. ओला दगड घासणे आणि धूळ ओढून घेणारे यंत्र बसविणे, हे त्यावरील उपाय आहेत.

म्हणून पालकहो, मुलाला हुन्नर जरूर शिकवा, पण शाळा सोडवून नव्हे. दगड का चमकतो आणि धूळ का मारते, ही दोन्ही उत्तरे ज्याला ठाऊक असतील, तोच आपली कला आणि आपला जीव दोन्ही राखील.