अर्धा टक्का : कापडापासून जखमेपर्यंत

१/ १९१५. पहिल्या महायुद्धाच्या पश्चिम आघाडीवर गोळीतून वाचलेला सैनिक पुढे जखम चिघळून दगावत असे. उत्तर फ्रान्सची जमीन शेणखतावर पोसलेली. तोफगोळ्याचा तुकडा त्या मातीतले जंतू थेट मांसात नेई. प्रतिजैविके अद्याप अस्तित्वात नव्हती.

२/ कार्बोलिक आम्ल जंतूंबरोबर जिवंत ऊतीही जाळीत असे. काँपियेनच्या रुग्णालयात शल्यविशारद अलेक्सी कॅरेल आणि रसायनशास्त्रज्ञ हेन्री डेकिन यांनी सोडिअम हायपोक्लोराइट निवडले. पदार्थ जुनाच होता. नवे होते ते त्याचे काटेकोर प्रमाण : ०.४५ ते ०.५० टक्के. त्याहून अधिक झाल्यास त्वचेचा दाह; कमी पडल्यास जंतू शाबूत.

३/ अडचण अशी, की हे द्रावण ब्लीचिंग पावडरपासून बनत असे आणि पावडरीतील क्लोरीन प्रत्येक खेपेस निराळा भरे. नुसत्या वजनावर विसंबणे धोक्याचे होते. तयार द्रावणाचीच संहती मोजणे भाग होते.

४/ रीत अशी : १० मिलिलिटर द्रावणात पोटॅशिअम आयोडाइड आणि ॲसेटिक आम्ल घालावे. हायपोक्लोराइटच्या प्रमाणात आयोडीन मोकळे होऊन द्रव तपकिरी होतो. मग ब्युरेटमधून ०.१ नॉर्मल सोडिअम थायोसल्फेट थेंबाथेंबाने सोडावे. रंग नाहीसा होताच थांबावे.

५/ थायोसल्फेटचा प्रत्येक मिलिलिटर म्हणजे ०.००३७२५ ग्रॅम हायपोक्लोराइट. १३ मिलिलिटर लागले, तर १३ × ०.००३७२५ = सुमारे ०.०४८ ग्रॅम. हे १० मिलिलिटरमध्ये. म्हणून १०० मिलिलिटरमध्ये ०.४८ ग्रॅम, अर्थात ०.४८ टक्के. द्रावण वापरण्याजोगे. १६ मिलिलिटर लागले, तर ०.६० टक्के, अशा एका लिटरमध्ये सुमारे २४० मिलिलिटर पाणी मिसळल्यावरच ते जखमेत जाऊ शकते.

६/ या मोजणीचे मूळ मात्र रुग्णालयात नाही. १७९० च्या दशकात फ्रान्समधील रूआँ येथे देक्रोआझी याने कापड शुभ्र करणाऱ्या क्लोरीनच्या द्रावणाचा कस निळीच्या द्रावणाने मोजला. द्रावण तीव्र असेल तर कापड कुजे, सौम्य असेल तर डाग राही. १८२४ मध्ये गे-ल्यूसाक याने ही रीत अधिक नेमकी केली.

७/ कापड वाचवण्यासाठी जन्मलेला हिशेब शतकाहून अधिक काळाने माणसाच्या मांसासाठी कामी आला. कॅरेल-डेकिन पद्धतीत रबरी नळ्यांवाटे दर दोन तासांनी हे द्रावण जखमेत सोडले जाई. दिवसातून बारा वेळा, त्याच जखमेत. प्रमाण चुकले असते, तर ती चूकही बारा वेळा झाली असती.