दोन घरांचे एक नाव

पूर्वीच्या वेल्हे, आताच्या राजगड तालुक्यात राजगडाच्या पायथ्याशी पाली नावाचे गाव आहे. त्या गावाकडून एक प्रशस्त वाट गडावर चढते आणि ज्या द्वारातून ती आत शिरते त्याला पाली दरवाजा म्हणतात. दुसऱ्या अंगाला गुंजवणे गाव आहे. तिकडचा तो गुंजवणे दरवाजा. दोन्ही द्वारे बांधली गडाच्या धन्याने, परंतु त्यांना नावे मिळाली ती ज्या गावांकडे ती उघडतात त्या गावांची. दोन गावांची नावे लागली म्हणून गडाचे दोन तुकडे मात्र झाले नाहीत.

आमच्या धर्मग्रामांत अलीकडे वारंवार उपस्थित होणाऱ्या एका प्रश्नाचा विचार करताना या दोन द्वारांची आठवण होते. स्नानसंस्काराच्या नोंदणीसाठी येणाऱ्या आईवडिलांपैकी एक जण मराठी असतो. दुसरा कधी गोव्याचा, कधी केरळचा, तर कधी पोर्तुगाल, जर्मनी किंवा फिलिपाइन्स या देशांतील असतो. बालकाचे नाव काय, असे आम्ही विचारले की दोघे एकमेकांकडे पाहू लागतात. इकडच्या आजीला कुळातले नाव हवे असते, तिकडच्या आजीला तिच्या गावच्या संताचे. आपल्या भाषेत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत एका मात्रेचे अंतर आहे. अशा घरांत ते अंतर फार लवकर ओलांडले जाते. वाद वरवर नावाचा असतो. आत भीती ही असते की हे मूल आपले म्हणून ओळखले जाईल की नाही.

हा प्रश्न नवा नाही. पवित्र शास्त्रात तो अनेकदा येऊन गेला आहे. मिद्यान देशात आश्रय घेतलेल्या मोशेने तेथील सिप्पोराशी विवाह केला आणि पहिल्या पुत्राचे नाव गेर्षोम ठेवले. परक्या देशात आपण उपरे आहोत, ही पित्याची वेदना त्या नावात आहे. दुसऱ्या पुत्राचे नाव मात्र त्याने अलियेजर ठेवले. देव माझा साहाय्यकर्ता, असा त्याचा अर्थ. एकाच पित्याच्या दोन पुत्रांच्या नावांत परकेपणाकडून भरवशाकडे झालेला प्रवास दिसतो. लुस्त्र येथील तीमथ्याची माता यहुदी होती आणि पिता ग्रीक. त्याचे नाव ग्रीक आहे; अर्थ मात्र 'देवाचा मान राखणारा' असा, मातेच्या व आजीच्या श्रद्धेला मानवणारा. शौल हा तार्साचा यहुदी आणि रोमन नागरिक. त्याला पौल हेही नाव होते आणि या दोन नावांपैकी एक टाकून देण्याचा हुकूम प्रभूने त्याला केला नाही.

आम्हांला मात्र सर्वांत जवळची वाटते ती रूथची कथा. रूथ मवाबी, बवाज बेथलेहेमचा. त्यांच्या पुत्राला ओबेद, म्हणजे सेवक, हे नाव शेजारच्या बायांनी दिले. ज्या परदेशी सुनेकडे गाव प्रथम कुतूहलाने पाहत होते, तिच्या मुलाचे नाव त्याच गावातील स्त्रियांनी ठेवावे, याचा अर्थ गावाने त्याला आपला म्हटले. तो ओबेद दावीद राजाचा आजोबा झाला आणि संत मत्तयाने दिलेल्या प्रभू येशूच्या वंशावळीत त्याचे व त्याच्या मातेचेही नाव आले.

आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासातही नावांनी सीमा ओलांडल्या आहेत. ज्या राजगडापासून आम्ही प्रारंभ केला, त्याच्या धन्याचे घराणेच पाहावे. शिवभक्त मालोजीराजांनी आपल्या दोन पुत्रांची नावे अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराच्या नावावरून शहाजी व शरीफजी अशी ठेवली, असे परंपरा सांगते. 'शाह' हा शब्द फारसी. त्याला आपला 'जी' लागला आणि आज शहाजी हे नाव कोणाही मराठी माणसाला परके वाटत नाही. कोकणातील बेने इस्रायल समाजाने हेच केले. १७९६ साली मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर उभारणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर लोकांत समाजी हसाजी दिवेकर म्हणून प्रसिद्ध होते. नावे इब्री, प्रत्यय मराठी आणि आडनाव कोकणातील दिवे आगराचे! धर्म सोडावा लागला नाही आणि गावही सोडावे लागले नाही.

आता आपल्या ख्रिस्ती समाजाकडे वळू. १५३४ च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने वसईचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. पुढील दोनशे वर्षांत तेथे अनेक घरे दोन वंशांच्या मीलनातून उभी राहिली. अशाच एका घरात, पोर्तुगीज पिता आणि येथील मातेच्या पोटी, सोळाव्या शतकाच्या मध्यास आपले संत गोन्सालो गार्सिया जन्मास आले. गोन्सालो हे नाव पोर्तुगीजांच्या विशेष प्रीतीचे. आमारांत येथील गोन्सालो या सत्पुरुषाची भक्ती त्या देशात फार मोठी आहे. म्हणजे नावात पित्याचा देश पूर्णपणे उतरला. मातेची भूमी नावात दिसत नाही. ती त्यांच्या चरित्रात दिसते. दोन भाषांच्या घरात वाढलेल्या या मुलाने जपानमध्ये तिसरी भाषा अशी आत्मसात केली की, प्रथम जेसुइट धर्मगुरूंचा साहाय्यक, नंतर व्यापारी आणि अखेर फ्रान्सिस्कन बंधू झाल्यावर फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचा दुभाषा म्हणून तो त्या देशात वावरला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर खिळण्यात आले, त्यांत वसईचा हा सुपुत्र होता. १८६२ साली पोप नववे पायस यांनी या सर्वांना संत म्हणून घोषित केले.

त्याच टेकडीवर एक तेरा वर्षांचा मुलगा होता, त्याच्याकडे आपले लक्ष फारसे जात नाही. त्याचा पिता चिनी होता आणि माता जपानी. मुलाचे नाव अंतोनियो. हे नाव पित्याच्या देशाचे नव्हे आणि मातेच्या देशाचेही नव्हे. लिस्बन येथे जन्मलेल्या व पदुआ येथे देह ठेवलेल्या संताचे नाव चीन व जपान यांच्या मीलनातून जन्मलेल्या बालकाने धारण केले होते. एका घराचे नाव दुसऱ्या घरावर लादले गेले नाही. दोघांनाही समान जवळचे असे तिसरे घर, ख्रिस्तसभा, तेथे उपलब्ध होते. संतांची नावे देण्याच्या प्रथेमागील हे शहाणपण आम्हांला फार मोलाचे वाटते.

यावर कोणी म्हणेल, ती नावे परदेशी सत्तेबरोबर आली. हे सत्य आहे आणि ते झाकण्याचे कारण नाही. स्नानसंस्काराच्या वेळी पोर्तुगीज धर्मपित्याचे किंवा धर्मगुरूचे आडनाव नवख्रिस्तींना मिळत असे. त्यांत निवडीला किती वाव होता, हा प्रश्न विचारणे रास्तच आहे. परंतु मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज निघून गेले आणि नावे राहिली. ती राखण्यासाठी आता कोणतीही सत्ता पाठीशी नव्हती. कोकणात व गोव्यात आयांनी आणि आज्यांनी ती आपल्या जिभेवर घोळवून घोळवून वेगळी केली: अंतोनियोचा अंतोन झाला, पेद्रोचा पेद्रू, इग्नासियोचा इनास, दोमिंगोसचा दुमिंग, सेबास्तियांवचा बस्त्यांव. लिस्बनच्या माणसाला ती कदाचित ओळखूही येणार नाहीत. नाव ज्याने दिले त्याचे ते फार काळ राहत नाही. जो त्या नावाने हाक मारतो त्याचे ते होते. वसई तालुक्यातील गास येथील चर्चला संत गोन्सालो गार्सियांचे नाव आहे. तेथील भाविकांना ते नाव परके आहे, असे कोण म्हणेल?

उलट दिशेचा प्रवासही झाला. मराठीत ख्रिस्तपुराण रचणारे फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज. १५७९ साली ते गोव्यास आले आणि पोर्तुगीजांच्या तोंडी पाद्री एस्तेव्हांव झाले. इंग्रज माणूस, पोर्तुगीज हाक आणि मराठी ओवी. एका आयुष्यात हे तिन्ही सुखाने नांदले.

पुण्यातही असे एक घराणे होऊन गेले. आमच्या प्रोटेस्टंट बांधवांपैकी रेव्हरंड सोराबजी खरशेटजी हे पारशी समाजातून ख्रिस्ती झाले. त्यांच्या पत्नी फ्रान्सिना या जन्माने भारतीय, पण लेडी कॉर्नेलिया फोर्ड या इंग्रज बाईंनी दत्तक घेऊन वाढविलेल्या. या दांपत्याची कन्या १८६६ साली नाशिक येथे जन्मली. तिला आईच्या मानलेल्या आईचे नाव मिळाले आणि वडिलांचे पारशी नाव हेच तिचे आडनाव झाले: कॉर्नेलिया सोराबजी. ऑक्सफर्ड विद्यापीठात कायद्याचा अभ्यास करणारी ही पहिली स्त्री. तिच्या बहिणींत एक झुलेखा होती, एक मेरी, एक फिरोज आणि एक सूझी. या सूझीबाईंनीच पुढे पुण्यात सेंट हेलेना शाळा काढली. एकाच पाळण्यातून उठलेल्या या मुलींची नावे एकापुढे एक म्हटली तर इराण, पॅलेस्टाइन आणि इंग्लंड डोळ्यांपुढे उभे राहतात. तरी घर एकच होते.

या बाबतीत ख्रिस्तसभेचा नियम काय सांगतो, असे पालक आम्हांला विचारतात. ट्रेंट परिषदेनंतर १५६६ साली निघालेल्या धर्मशिक्षणग्रंथाने बालकाला एखाद्या संताचे नाव द्यावे, असा आग्रह धरला. १९१७ च्या कायदेसंहितेने हेच काम प्रमुख धर्मगुरूवर सोपविले. परंतु पालकांचे मन वळत नसेल तर त्यांनी दिलेल्या नावाला संताचे नाव जोडून दोन्ही नावे नोंदवहीत लिहावीत, अशी तरतूदही केली. कडक समजल्या जाणाऱ्या त्या काळातही दोन नावांना जागा होती! १९८३ च्या संहितेने शब्द आणखी मोकळे केले. ख्रिस्ती भावनेशी विसंगत असे नाव दिले जाऊ नये, याची काळजी आईवडिलांनी, धर्ममातापित्यांनी व धर्मगुरूने घ्यावी, एवढेच आता अपेक्षित आहे. नाव कोणत्या भाषेतील असावे, याविषयी संहिता एक शब्दही काढत नाही.

म्हणूनच भाषांतर हा तिसरा मार्गही आपल्याला मोकळा आहे. त्रावणकोरच्या नीलकंठ पिल्लै यांनी १७४५ साली स्नानसंस्कार स्वीकारला, तेव्हा त्यांना लाजरस हे नाव तमिळ रूपात मिळाले: देवसहायम. १७५२ साली त्यांनी श्रद्धेसाठी प्राण दिले आणि १५ मे २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले. लाजरस हे इब्री एलाजाराचे रूप. देवाने साहाय्य केले, हा त्याचा अर्थ. मोशेने आपल्या दुसऱ्या पुत्राला दिलेल्या नावातील अर्थही हाच. मिद्यानात बोलला गेलेला भरवसा कन्याकुमारीच्या मुलखात तमिळमध्ये बोलला गेला. अर्थ जराही उणा झाला नाही. या दृष्टीने पाहिले तर आनंद आणि फेलिक्स, ज्योती आणि लुसी, शांती आणि आयरिन, विजय आणि व्हिक्टर, देवदत्त आणि मत्तय ही सख्खी भावंडे आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर नाव बदलले नाही, हेही येथे स्मरावे. नाव जुने राहिले म्हणून त्यांची श्रद्धा उणी पडली नाही.

एवढ्या इतिहासातून तरुण आईवडिलांनी काय घ्यावे? पहिली गोष्ट, नाव दोन्ही आज्यांना उच्चारता आले पाहिजे. आपला 'ळ' आणि 'ज्ञ' परदेशी जिभेला जड जातात. त्यांची काही अक्षरे आपल्याला. ज्या आजीला नातवंडाला नीट हाक मारता येत नाही, ती हळूहळू हाक मारणेच सोडून देते, आणि ही हानी कोणत्याही अर्थपूर्ण नावाने भरून निघत नाही. दुसरी गोष्ट, नाव एका घराचे घेतले तर दुसऱ्या घराची खूण मधल्या नावात किंवा आडनावात जरूर राहू द्यावी. तिसरी, नावाचा अर्थ आणि त्या संताची कथा मुलाला पुढे दोन्ही भाषांत सांगता यावी. आणखी एक व्यवहाराची गोष्ट: जन्मदाखला, स्नानसंस्काराचा दाखला आणि पारपत्र यांवर नाव अक्षरशः सारखे असावे. घाईही करू नये. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याखाली जन्माची नोंद नावाशिवाय झाली असली तरी वर्षाच्या आत ते विनाशुल्क घालून घेता येते. तेवढ्या अवधीत दोन घरांनी एकमेकांचे म्हणणे ऐकून घेणे अशक्य नाही.

बालकांच्या स्नानसंस्काराचा विधी वेदीजवळ सुरू होत नाही. तो चर्चच्या दारात सुरू होतो. धर्मगुरू तेथे सामोरा जातो आणि पहिला प्रश्न करतो तो नावाचा: आपल्या बालकाला तुम्ही कोणते नाव देता? प्रश्न एकट्या पित्याला नाही, एकट्या मातेलाही नाही. तो दोघांना एकत्र आहे. उत्तरही दोघांनी एका आवाजात द्यावे, अशी अपेक्षा आहे. ज्या नावाला दोघांचा आवाज लागतो, ते कोणत्या देशातून आले याची चौकशी दारापलीकडे कोणी करीत नाही.