आधी थर्मामीटर, मग पातेलं

लंडनच्या फ्लॅटमध्ये चार-पाच लिटर बिअर करायची. १९६३ पासून तिथं त्यासाठी परवाना लागत नाही. मग आधी काय घ्यायचं? लोक पातेल्यापासून सुरुवात करतात. मी थर्मामीटर म्हणेन. दळलेलं माल्ट ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर राहिलं की पिष्टाची साखर होते. फार तापलं, की विकरं निकामी. जुने कारागीर हे बोट बुडवून ठरवत. बोटाचं ज्ञानही प्रत्यक्षच, पण ते दुसऱ्याला दाखवता येत नाही ना! मायकेल कोम्ब्रूननं १७६२ च्या ग्रंथात थर्मामीटरचा आग्रह धरला. तरीही हॅम्पशरच्या जेम्स बॅव्हरस्टॉकला तो वडिलांपासून लपवून वापरावा लागला. पुढं त्यानं गोडी मोजायला हायड्रोमीटरही आणला. तो दुसरा घ्या. पातेलं घरातलं स्टीलचं चालतं; माल्ट कापडी पिशवीत भिजवलं, की गाळायला वेगळं भांडंही नको.