गोव्याच्या इन्क्विझिशनची खोदचित्रे

फ्रेंच वैद्य शार्ल देलाँ याच्या गोव्यातील इन्क्विझिशनवरील, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणाऱ्या ख्रिस्ती न्यायासनावरील ग्रंथात छापलेली ताम्रपटचित्रे. ग्रंथ १६८७ साली लायडनला आणि पुढच्या वर्षी पॅरिसला निघाला. देलाँला १६७३ मध्ये दमणला पकडण्यात आले. १२ जानेवारी १६७६ रोजी शिक्षा जाहीर होईपर्यंत तो बहुतेक काळ गोव्यातल्या त्या न्यायासनाच्या कोठडीत होता. स्थानिक लोक न्यायासनाच्या इमारतीला ‘वडलें घर’ (मोठे घर) म्हणत.

युरोपात गुन्हा आणि शिक्षा यांची छापील चित्रे तोवर सर्वत्र खपत होती. खोदचित्रकार जाक कालोच्या १६३३ च्या युद्धविषयक चित्रमालिकेत सैनिक आधी गावे लुटतात, मग झाडाला लटकवले जातात. गोव्याच्या चित्रांत गुन्हा कुठेच दिसत नाही. दिसणार तरी कसा? चौकशी बंद दाराआड चाले, फिर्याद कोणाची हे आरोपीला सांगत नसत. लोकांसमोर येई ती फक्त आउतो-दा-फेची, म्हणजे जाहीर शिक्षा सुनावण्याच्या सोहळ्याची मिरवणूक. म्हणून चित्रकाराने सगळा भर पोशाखावर दिला आहे. पश्चात्ताप केलेल्यांच्या अंगात लाल तिरप्या क्रुसाचा पिवळा झगा, सांबेनितो. जाळून मारायचे त्यांच्या अंगात राखी सामारा: त्यावर जळत्या लाकडांवर ठेवलेले त्याच माणसाचे चित्र, वर उसळणाऱ्या ज्वाळा, भोवती सैतान. कबुली देऊन जीव वाचलेल्याच्या झग्यावर मात्र ज्वाळांची टोके खाली वळलेली. जगणे की मरणे, हे ज्वाळांच्या दिशेवरून ओळखायचे! इतकी निर्दय चित्रभाषा क्वचितच सापडेल.

देलाँला शिक्षा सुनावली त्या दिवशीच्या मिरवणुकीतून जादूटोण्याच्या आरोपावरून एक पुरुष आणि एक स्त्री जाळण्यासाठी नेण्यात आली. दोघेही इथलेच ख्रिस्ती. सोबत आधीच मेलेल्या चौघांचे पुतळे व अस्थींच्या पेट्या होत्या.

चित्रे युरोपात कोरली गेली. त्यामुळे झगे आणि निशाणे यांबाबत ती देलाँच्या वर्णनाला धरून आहेत; माणसांचे चेहरे आणि परिसर यांबाबत त्यांच्यावर विसंबू नये. ही सावधगिरी महत्त्वाची, कारण १८१२ मध्ये न्यायासन बंद झाल्यावर खटल्यांची बहुतेक दप्तरे नष्ट झाली. खोदचित्रकार बेर्नार पिकारच्या चित्रांसह १७२३ पासून ॲमस्टरडॅमला निघालेल्या धर्मविधींच्या ग्रंथमालेत हेच देखावे पुन्हा आले. मराठी संशोधक अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात देलाँचा वृत्तान्त समाविष्ट केला.